कोल्हापूर ते पोल्लाची बलून महोत्सव, कॅम्परव्हॅननं सहा जण: मार्ग, मुक्काम, पाणी, वीज कसं बसवायचं?

चाकावरचं_घर

नमस्कार मंडळी. जानेवारीत पोंगलच्या सुमाराला पोल्लाचीला तमिळनाडू आंतरराष्ट्रीय बलून महोत्सव असतो. तिथं भाड्याच्या कॅम्परव्हॅननं जायचं ठरतंय. आम्ही सहा जण: आई-बाबा (बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय), आम्ही दोघं, मुलं ११ आणि ५ वर्षांची. गाडी स्वतः चालवायची आहे, साधा एलएमव्ही (हलक्या मोटारीचा) परवाना आहे.

गाडी म्हणजे ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली व्हॅन. १०० लिटर पाण्याची टाकी, २० लिटरचं कॅसेट टॉयलेट (मैल्याची टाकी काढून रिकामी करायची असते ते), १५० एएचची (अँपिअर-तास) एक लेड-ॲसिड बॅटरी, छतावर ३०० वॅटचं सोलर, १२ व्होल्टचा लहान फ्रिज, एक टनाचा एसी आणि इंडक्शन.

विचारायचं असं:
१) एकूण किती दिवस धरावेत? उटीवरून जावं की सेलमवरून?
२) रात्री गाडी कुठं लावायची?
३) रात्रभर एसी चालेल का?
४) लहान मूल आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस बलूनमध्ये बसू शकतात का?

घाटवाट

पहिली गोष्ट मार्गाची नाही, ठिकाणाची. हा महोत्सव २०१५ मध्ये पोल्लाचीत सुरू झाला, पण २०२५ मध्ये तो चेन्नईजवळ तिरुविडन्दै, पोल्लाची आणि मदुराई अशा तीन ठिकाणी झाला. त्यामुळं यंदाच्या तारखा आणि ठिकाण जाहीर झाल्याशिवाय गाडीचा ॲडव्हान्स देऊ नका. दिला तरी तारीख पुढंमागं करता येईल असं लिहून घ्या.

आता दिवस. महोत्सवाच्या किमान तीन सकाळी हाताशी असल्या पाहिजेत. एक सकाळ वाऱ्यानं जाते, एखादी धुक्यानं जाते. एकाच सकाळीसाठी हजार किलोमीटर जाणं म्हणजे जुगार. जायला तीन दिवस, तिथं तीन, यायला तीन, असे नऊ दिवस धरा. ट्रॅव्हलर दिवसाला ४०० किलोमीटरच्या वर ओढू नका. चालवणारा एकटा आहे आणि गाडीवर हात बसलेला नाही.

सेलमवरून जा, उटीवरून नको. कारणं:
- बंदीपूरचा जंगलातला महामार्ग रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. एका टोलनाक्यावर तास गेला तर अख्खी रात्र गेटवर.
- मसिनगुडीकडून उटीला चढणाऱ्या कल्लट्टी घाटात ३६ हेअरपिन वळणं आहेत. उंच छपराच्या, पाण्यानं भरलेल्या व्हॅनसाठी तो रस्ता नाही.
- निलगिरी जिल्ह्यात शिरायला ई-पास काढावा लागतो.
- सत्यमंगलमचा दिंबम घाट नकाशावर जवळचा दिसतो. तिथं २७ हेअरपिन आहेत आणि रात्रीच्या वाहतुकीवर निर्बंध आहेत. सोडून द्या.

तीन टप्पे असे बसतात. अंतरं साधारण आहेत.

पहिला दिवस, कोल्हापूर ते चित्रदुर्ग, ४१५ किमी. बेळगाव ११०, हुबळी २०५, दावणगेरे ३५५. आपल्याकडं लांबच्या प्रवासाला पहाटे चारला निघायची सवय आहे. जानेवारीत ती मोडा. गळीत हंगाम जोरात असतो. कागल, निपाणी, संकेश्वर पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर अंधारात मागं दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही असे चाललेले असतात, वर धुकं. उजाडल्यावर, सातच्या सुमाराला निघा. कोगनोळी टोल ओलांडला की पुढं तवंदी घाट आहे. चढ मोठा नाही, पण भरलेल्या गाडीच्या ब्रेकची आणि गिअरची पहिली ओळख तिथं करून घ्या.

दुसरा दिवस, चित्रदुर्ग ते सेलम, ४०५ किमी. बेंगळुरू शहरात शिरू नका. तुमकूर रोडवरून नाइस रोडनं होसूर रोडला निघा. साधारण ४१ किमी आहे आणि टोल वेगळा भरावा लागतो, सुटे पैसे जवळ ठेवा. पोंगलच्या आदल्या दोन दिवसांत अर्धं बेंगळुरू तमिळनाडूत गावी निघालेलं असतं. होसूर आणि कृष्णगिरी टोल दुपारी चारच्या आत ओलांडला पाहिजे. पुढं धर्मपुरी ओलांडली की थोप्पूर घाट येतो. हा उतार अपघातांसाठी बदनाम आहे. रस्ता रुंद आणि सरळ दिसतो म्हणून लोक वरच्या गिअरमध्ये ब्रेकवर गाडी सोडतात, ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. उतार लागायच्या आधीच तिसरा गिअर टाका, ट्रकच्या पुढं कापून शिरू नका.

तिसरा दिवस, सेलम ते पोल्लाची, २१० किमी. कोईम्बतूर शहर टाळा, नीलांबूरजवळ बायपासला वळा आणि त्यावरून पोल्लाची रस्त्याला लागा. दुपारपर्यंत पोचाल. पहिल्या संध्याकाळी मैदान पायी बघून ठेवा. गेट कुठलं, वाहनतळ कुठं, परत निघायची वाट कुठली हे सगळं. पहाटे साडेचारला अंधारात हे कळत नाही.

मुक्काम: मैदानावर रात्रभर गाडी लावू देतील, वीज-पाणी मिळेल असं गृहीत धरू नका. पोल्लाचीभोवती नारळाच्या बागा आहेत आणि बागेतले फार्म-स्टे भरपूर. फोनवर चार गोष्टी विचारा: गेटची उंची आणि रुंदी किती, १५ अँपिअरचा प्लग मिळेल का, संडासाची टाकी सेप्टिक आहे का, पहाटे चारला गेट कोण उघडेल. चौथा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि राखणदाराला हाका मारत बसतात. आणखी एक, गाडी नारळाच्या झाडाखाली लावू नका. छतावर सोलरची काच आहे, वरून पडणारा नारळ दीड किलोचा असतो.

वाटेतले दोन मुक्काम महामार्गावरच्या, रात्रभर चालू असलेल्या मोठ्या पंपावर किंवा पार्किंग असलेल्या लॉजच्या आवारात करा. महामार्गाच्या कडेला झोपायचं नाही, कितीही दमला असाल तरी.

वालपराईचा मोह होईल, आळियार धरणापासून वर चाळीस हेअरपिन आहेत. व्हॅन बागेत ठेवा आणि स्थानिक टॅक्सी करा.

उद्यमनगर_वायरिंग

एसीचं आधी. रात्रभर चालणार नाही, गणित बघा.

१५० एएच × १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॉट-तास. लेड-ॲसिड अर्ध्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्यानं संपतं, म्हणजे वापरायला ९०० मिळतात. एक टनाचा इन्व्हर्टर एसी साधारण ९०० ते १००० वॅट खातो. तास पुरा व्हायच्या आत बॅटरी खलास.

एसी सोडून रोजची गरज:
- फ्रिज: ४५ वॅट, निम्मा वेळ चालतो, ५५० वॉट-तास
- २५ वॅटचे दोन पंखे, ८ तास, ४००
- दिवे ८०
- सहा मोबाइल ९०

बेरीज ११०० च्या वर. म्हणजे एसी न लावताही एका दिवसाची गरज बॅटरीतल्या ९०० पेक्षा दोनशेनं जास्त. ३०० वॅटचं सोलर जानेवारीच्या स्वच्छ उन्हात दिवसाला हजारच्या आसपास देतं, पण नारळाच्या बागेत एका झावळीची सावली पॅनेलवर पडली तरी उत्पादन निम्म्याच्या खाली येतं. तेव्हा भाड्यानं देणाऱ्याला सांगा की २०० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी असलेली गाडी द्या. तिचे २५६० पैकी दोन हजार निवांत वापरता येतात. शिवाय चालू इंजिनवरून चार्ज करणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर आहे का विचारा. तो असेल तर पाच तासांच्या प्रवासात बॅटरी जवळजवळ भरते. नुसता रिले लावलेला असेल तर लिथियमला तो चालत नाही, अल्टरनेटर तापतो.

पोल्लाचीत जानेवारीत रात्री पारा २० च्या आसपास उतरतो. खिडकीला जाळी आणि पंखा एवढं पुरतं. एसी दुपारी, बागेतल्या विजेवर लावा.

बागेतली वीज घेताना २० मीटरची, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, तीन तारांची केबल स्वतःची न्या. गुंडाळीवरची केबल पूर्ण उलगडा. गुंडाळलेली ठेवून एसी-इंडक्शन चालवलं की ती आतून तापून वितळते. प्लग लावायच्या आधी अर्थिंग तपासायचा स्वस्तातला सॉकेट टेस्टर वापरा आणि गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे याची खात्री करा. शेतातल्या जोडणीला अर्थिंग नसणं नेहमीचंच. तसं असेल आणि कुठं वीज गळली तर गाडीचं पत्र्याचं अंगच धक्का देतं. टेस्टरनं चूक दाखवली तर तो प्लग वापरू नका.

इंडक्शन १५०० वॅटवर अर्धा तास म्हणजे ७५० वॉट-तास. बॅटरीवर फक्त चहा. जेवण विजेवर किंवा गॅसवर.

पाणी: सहा जणांना प्यायला रोज २० ते २४ लिटर, स्वयंपाक-भांड्यांना २०, हात-तोंड आणि टॉयलेटला ३० च्या वर. अंघोळ गाडीत न करताही १०० लिटरची टाकी दीड दिवसात संपते. प्यायचं पाणी टाकीतून घेऊच नका, २० लिटरचे दोन जार वेगळे ठेवा. वाटेत टाकी अर्धीच भरा. १०० लिटर म्हणजे १०० किलो. टाकी मागच्या चाकांच्याही मागं असेल तर पुढचं चाक हलकं होतं आणि गाडी वाऱ्याला डुलते.

कॅसेट टॉयलेट सहा माणसांत दीड दिवसात भरतं. त्यात फिनाईल, ॲसिड, ब्लीच घालू नका. रबरी सील जातं आणि रिकामं कराल तिथल्या सेप्टिक टाकीतले जिवाणू मरतात. रिकामं फक्त सेप्टिक टाकी असलेल्या संडासात, हळूहळू, मागून दोन बादल्या पाणी. ओढ्यात, शेतात, रस्त्याच्या गटारात अजिबात नाही. रात्रीच्या मुक्कामाच्या जागचा संडास वापरलात तर कॅसेट फक्त रात्री आणि पहाटेच लागेल.

निघायच्या आधी सगळं सामान, पाणी आणि सहाही माणसं घेऊन गाडी वजनकाट्यावर घाला. आपल्या उसाच्या पट्ट्यात काट्यांना तोटा नाही. आरसीवरचं एकूण वजन आणि काट्याचं वजन ताडून बघा. नंतर नुसती मागची चाकं काट्यावर ठेवून वेगळी पावती घ्या. फर्निचर घातलेल्या गाड्यांत मागचा ॲक्सल वजन ओलांडतो आणि एकूण वजन मात्र बसलेलं दिसतं.

टायरवरचे चार आकडे वाचा. २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. भाड्याच्या कॅम्परव्हॅन महिनोन्‌महिने उभ्या असतात. नक्षी नवी दिसते आणि बाजूचं रबर तडकलेलं असतं. सहा वर्षांवरचे टायर असतील तर गाडी बदलून मागा.

वाऱ्याची_दिशा

बलूनबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण एकदा वारा समजला की वेळापत्रक आपोआप समजतं.

बलूनला सुकाणू नसतं. पायलट फक्त वर-खाली जाऊ शकतो. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेला वाहतो, हवी ती दिशा देणारा थर शोधून त्यात राहणं हेच त्याचं कौशल्य. उड्डाणाआधी हेलियम भरलेला एक छोटा फुगा सोडतात, तो कुठं वळतो यावरून थर कळतात. अमेरिकेत अल्बुकर्कीला १९७२ मध्ये १३ बलूनवर सुरू झालेला महोत्सव एवढा मोठा झाला त्यात याचा मोठा वाटा आहे. तिथं ऑक्टोबरच्या सकाळी खालचा वारा दक्षिणेला आणि वरचा उत्तरेला वाहतो, त्यामुळं बलून निघाल्या जागेजवळ परत येऊ शकतं. तिथं लोक मैदानाशेजारी आरव्ही लावून आठवडाभर राहतात, कारण तमाशा डोक्यावरच घडतो. पोल्लाचीची भूमी निराळी आहे. ती पालक्काड खिंडीच्या तोंडाशी आहे, जानेवारीत वारा बहुधा पूर्वेकडून खिंडीत शिरतो. उडालेलं बलून परत येईलच असं नाही, ते लांब कुठल्यातरी बागेपलीकडं उतरतं.

पहाटेच का? रात्रभर जमीन थंड झालेली असते, हवा स्थिर असते. सूर्य वर आला की जमीन तापते, तापलेली हवा उसळ्या घेते, बलून हिसके खातं. दुसरं कारण वजनाचं. २२०० घनमीटरच्या बलूनमध्ये हवा १०० अंश तापलेली धरली आणि बाहेर २० अंश असेल तर साधारण ५७० किलो उचल मिळते. बाहेर ३० अंश असेल तर ४८० च. यातूनच कापड, टोपली, बर्नर, गॅसच्या टाक्या आणि माणसं उचलायची. म्हणजे दहा अंशांत एका माणसाहून जास्त वजनाची उचल गेली.

जमिनीवर वारा ताशी १५ ते १८ किलोमीटरच्या वर गेला की उड्डाण रद्द होतं. तंबूचं कापड फडफडायला लागलं की समजा. रद्द झालं तर वाद घालू नका. कापड फुगवताना वाऱ्यानं पोट आत दबलं की बर्नरची ज्योत कापडाला लागते. ज्योतीजवळचा तोंडाचा पट्टा आग सोसणाऱ्या कापडाचा असतो, वरचं सगळं नायलॉनच.

पोल्लाचीत मध्य जानेवारीत सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो. मैदानात साडेपाचला हजर राहा. आधी कापड पसरतात, मग मोठ्या पंख्यानं थंड हवा भरतात, ते आडवं फुगतं. मग बर्नर पेटतो आणि ते उभं राहतं. पाहण्यासारखं खरं हेच आहे, पंख्यापासून उभं राहीपर्यंत साधारण वीस मिनिटं. लोक उड्डाण बघायला सातला येतात आणि हा भाग चुकवतात. संध्याकाळी बांधलेली बलून बर्नरच्या उजेडात उजळतात. ते मुलांना फार आवडेल.

बसण्याबद्दल. मोकळं उड्डाण आणि दोरीनं बांधलेलं बलून या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बांधलेलं बलून थोडं वर नेऊन खाली आणतात. कोणतं तिकीट घेताय ते वाचून घ्या.

बाबांना मोकळ्या उड्डाणात बसवू नका. अख्खा वेळ उभं राहावं लागतं. उतरताना पाठ प्रवासाच्या दिशेला करून, गुडघे वाकवून, आतले दोर धरून बसकण घ्यावी लागते, टोपली आपटते आणि कधी आडवी ओढली जाते. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला हा धक्का नको. पाच वर्षांच्या मुलाला टोपलीच्या कडेवरून दिसत नाही आणि सूचना ऐकून तशी बसकण घेणं जमत नाही. त्याला संध्याकाळचा उजेडाचा खेळ दाखवा. अकरा वर्षांच्या मुलाचं उंचीवर ठरेल, चालकांचा नियम आधी विचारा. ज्यांना बसायचंय त्यांनी पहिल्याच सकाळचं तिकीट काढावं, म्हणजे रद्द झालं तर पुढच्या दोन सकाळी उरतात.

कपडे सुती, बंद बूट, डोक्याला टोपी. बर्नरची धग टाळूवर येते. ड्रोन घरी ठेवा.

चाकावरचं_घर

खूप उपयोगी माहिती मिळाली, धन्यवाद. दोन शंका. घरचा लाल सिलिंडर गाडीत ठेवला तर स्वस्त पडेल ना? आणि उडालेल्या बलूनच्या मागं मागं व्हॅन घेऊन गेलो तर मुलांना उतरताना बघता येईल का?

उद्यमनगर_वायरिंग

लाल १४.२ किलोचा नको. तो घरगुती वापरासाठी सवलतीवर दिलेला असतो, प्रवासी गाडीत त्याला परवानगी नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी बोट ठेवायला मोकळी. ५ किलोचा छोटा घ्या, सहा माणसांना नऊ दिवस पुरतो, कारण निम्मं जेवण बाहेरच होणार. ठेवायचा उभा, पट्ट्यानं आवळून, बाहेरच्या बाजूनं उघडणाऱ्या कप्प्यात. त्या कप्प्याच्या तळाला भोक हवंच. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. खिडकी उघडली म्हणून तो जात नाही. गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. नळीवर आयएसआय खूण आणि साल बघा, जोडांना साबणाचं पाणी लावा. झोपताना गॅसवर काही ठेवून दार बंद करायचं नाही, थंडी घालवायला तर नाहीच.

प्रवासात कुणी पलंगावर झोपायचं नाही. सहा सीट, सहा पट्टे गाडीत आहेत का, गाडी ताब्यात घेतानाच मोजा.

घाटवाट

बलूनच्या मागं व्हॅन नको. त्यांचा स्वतःचा क्रू रेडिओवर बोलत पिकअपनं जातो. बागांमधले रस्ते अरुंद, वीजतारा खाली, मागं फिरायला जागा नाही. शिवाय बलून उतरतं ते कुणाच्या तरी शेतात. आपल्याकडं उभ्या उसात गाडी घातली तर शेतकरी काय म्हणेल, तेच तिथंही. मुलांना बघायचं असेल तर मैदानातल्या क्रूला विचारा, एखादी टॅक्सी घेऊन मुख्य रस्त्यावर थांबा, बांधावर पाय ठेवायच्या आधी मालकाला विचारा.

कागदांचं राहिलं. एलएमव्ही परवान्यावर ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाची गाडी चालवता येते, वाहतूक गटातलीसुद्धा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय, तेव्हा ट्रॅव्हलरची अडचण नाही. पण नंबरप्लेट बघा. स्वतः चालवायला भाड्यानं दिलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी कुणी भाड्यानं देत असेल तर घेऊ नका. अपघातात विमा हात वर करेल आणि कर्नाटकात किंवा तमिळनाडूत तपासणीला गाडी अडकली तर सहा माणसं सामानासकट रस्त्यावर. परराज्यात जायचा परवाना, कर भरल्याची पावती, पीयूसी, विमा यांच्या प्रती मोबाइलमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडं ठेवा.

गाडीची उंची छतावरच्या एसीसकट टेपनं मोजून डॅशबोर्डवर चिकटवा. आपण चालवत असतो ती कार, अशी सवय असते. हॉटेलच्या पोर्चखाली शिरलं की सोलर जातं.

वाऱ्याची_दिशा

एक राहिलं. पहाटे साडेचारला उठून सहा जणांचा चहा-नाश्ता करायला गेलात तर पंख्याचा भाग चुकणारच. आदल्या रात्री थर्मासमध्ये चहा भरा. सोबत भडंग, दशम्या आणि खर्डा ठेवा. खर्डा टिकावा म्हणून तेलात परतलेला घ्या, दह्याचा नको.